नवी फोन सिस्टिम घेण्याआधी आठवडाभर वही ठेवा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचा भोसरीत पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे, टिळक रोडला विक्रीचं ऑफिस आणि कोल्हापूरला सर्व्हिस सेंटर. मिळून ३५ माणसं. कारखान्यातलं चौदा वर्षांचं ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन आतल्या फोनांना जोडणारं ऑफिसचं एक्स्चेंज) मान टाकतंय आणि त्याचं कार्ड आता मिळत नाही. चार लँडलाइन आहेत, चारही अजून वडिलांच्या नावावर, आणि वडील तीन वर्षांपूर्वी गेले. ‘तुमचा फोन सारखा एंगेज लागतो’ अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. एक जण माणशी महिना भाड्याने क्लाउड फोन (एक्स्चेंज विक्रेत्याकडे, आपल्याकडे नेटवरून नुसते फोन) घ्या म्हणतो, दुसरा त्याच कामासाठी स्वतःचा सर्व्हर बसवा म्हणतो आणि भाऊ म्हणतो, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं तर हा खर्च कशाला. तुमचा प्रश्न एवढाच: क्लाउड की सर्व्हर?

मी या कामात बावीस वर्षं आहे. सुरुवात क्रोन बॉक्सवर (टेलिफोनच्या वायरी जोडायच्या पेटीवर) वायरींच्या जोड्या ठोकण्यापासून केली. पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा हा क्रम अजून झोपेतही सांगेन. गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक काम जुनी ईपीएबीएक्स काढून इंटरनेटवरचे फोन बसवण्याचं आहे. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, क्लाउड की सर्व्हर हा तिसरा प्रश्न आहे. तुमच्याकडे फोन किती येतात आणि ते कोण उचलतं, हा पहिला. तुमचं नेट आणि वीज किती भरवशाची, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं हातात असली की तिसऱ्याचं उत्तर बहुधा आपोआप मिळतं. पण कोटेशन घेऊन येणारा माणूस थेट तिसऱ्यापासूनच बोलायला लागतो, कारण त्याच्याकडे विकायला तेवढंच असतं.

आधी पहिलं. फोन येतो त्या टेबलावर एक वही ठेवा. सोमवार ते शनिवार प्रत्येक कॉलची एक ओळ: वेळ, कोणाला हवा होता, कशासाठी, मिळाला का. नाशिकला एका कारखान्यात मी स्वतः रिसेप्शनवर ऑपरेटर बाईंच्या शेजारी दिवसभर खुर्ची टाकून बसलो होतो. मालकांना वाटत होतं की विक्रीची चौकशी जास्त येते. प्रत्यक्षात सकाळी दहापासून एकच प्रश्न येत होता: “माल निघाला का?” बाई फोन होल्डवर टाकायच्या, डिस्पॅचला लावायच्या, तिथे कोणी उचलायचं नाही, परत फोन घ्यायच्या, “दहा मिनिटांनी करा” म्हणायच्या. दहा मिनिटांनी तोच माणूस पुन्हा फोन करायचा. एका प्रश्नासाठी एक लाइन तीनदा अडायची. तिथे आम्ही फोन सिस्टिमला हात लावायच्या आधी डिस्पॅचच्या मुलाला गाडी निघाली की गाडी नंबर आणि एलआरचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायला लावला. निम्मी गर्दी तिथेच कमी झाली. तुमच्या वहीतही असं काहीतरी नक्की निघेल.

एंगेजची तक्रार ऐकून ‘लाइन वाढवा’ म्हणणं सोपं आहे, पण किती वाढवायच्या याला एक हिशोब आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने १९१७ साली त्याचं सूत्र मांडलं. समजा, तुमच्या सर्वांत गर्दीच्या तासात ६० कॉल होतात आणि एक कॉल सरासरी तीन मिनिटं चालतो. म्हणजे तासाभरात १८० मिनिटांचं बोलणं, सरासरीने तीन लाइन कायम गुंतलेल्या. मग चार लाइन पुरायला हव्यात असं वाटतं ना? पुरत नाहीत, कारण फोन रांगेत शिस्तीने येत नाहीत, घोळक्याने येतात. त्या सूत्राने चार लाइनवर साधारण दर पाच कॉलमधला एक एंगेज लागतो. सहा लाइन केल्या की शंभरात पाच. आठ केल्या की शंभरात एकाहूनही कमी. तुमच्या वहीतला आकडा ६० असेल असं नाही, पण हिशोब असाच करायचा. एक लक्षात घ्या: ३५ माणसं आहेत म्हणून ३५ लाइन लागत नाहीत. एका वेळी किती कॉल चालू असतील ते महत्त्वाचं. याला विक्रेते चॅनल म्हणतात. कोटेशनमध्ये दर माणशी आहे की चॅनलमागे, हे आधी बघा. बहुतेक वेळा जास्तीचा पैसा इथेच जातो.

आणि ३५ पैकी मशीनवर किती जण आहेत? तुमच्या वर्णनावरून मला अठरा-वीस वाटतात. त्यांना प्रत्येकी एक्स्टेंशन (आतला फोन नंबर) नको. शॉप फ्लोअरवर दोन, स्टोअरमध्ये एक आणि गेटवर एक फोन पुरे. पत्र्याच्या शेडमध्ये वायफायवरचा हँडसेट देऊ नका. लोखंड आणि मशीनच्या गराड्यात सिग्नल कोपऱ्याकोपऱ्यात बदलतो. तिथे वायरचाच फोन ठेवा. गेटवरचा जुना साधा फोन तर फेकूच नका, एका छोट्या ॲडॉप्टरने तो नव्या सिस्टिमला जोडता येतो. वॉचमनकाकांच्या हाताला त्याची सवय असते, आणि रात्री गडबड झाली तर सवयच कामाला येते.

आता दुसरा प्रश्न, नेट आणि वीज. इथे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण इंटरनेट फोनबद्दलच्या दहांतल्या आठ तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं आहे. सिस्टिमचा दोष क्वचितच असतो.

‘आमच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे, मग आवाज का तुटतो?’ हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. आवाजाला वेग फारसा लागतच नाही. सगळीकडे चालणाऱ्या जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीत) एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात. आठ कॉल एकदम चालू असले तरी ७०० केबीपीएस, एक एमबीपीएससुद्धा नाही. आवाजाला हवा असतो नियमितपणा. आवाजाचे बारीक बारीक तुकडे, सेकंदाला ५०, एकामागून एक सारख्या अंतराने पोहोचायला हवेत. एका बाजूने जाणारा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलताना अडखळत नाही, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घालून दिलेली मर्यादा आहे. त्यापलीकडे मी स्वतः दोन गोष्टी बघतो: तुकडे मागेपुढे होण्याचा फरक ३० मिलिसेकंदांच्या वर जाऊ नये, आणि शंभरात एकाहून जास्त तुकडा हरवू नये.

चाकणच्या एका ठिकाणचं उदाहरण देतो. रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आवाज चिरका व्हायचा, पाऊण तासाने आपोआप सुधारायचा. त्यांनी फोन बदलले, हेडसेट बदलले, नेट कंपनीशी भांडून झालं. मी लॅपटॉपवर पिंग (नेटवर संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू करून नुसता बसलो. आठ-दहा मिलिसेकंद, आठ-दहा मिलिसेकंद असं चाललं होतं, आणि अकरा-दहाला आकडा एकदम चारशेवर गेला. उठून अकाउंट्समध्ये गेलो. तिथल्या बाई चहा घेऊन येऊन रोज त्याच वेळी हिशोबाचा बॅकअप क्लाउडवर चढवत होत्या. फाइल वर जाताना पूर्ण अपलोड व्यापून टाकायची आणि आवाजाचे तुकडे तिच्यामागे रांगेत अडकायचे. बॅकअप रात्री नऊला लावला, राउटरमध्ये आवाजाला पहिला मान दिला, आणि काम झालं. नवी लाइन घ्यावी लागली नाही. तुमच्याकडेही कॅमेऱ्यांचं फुटेज आणि ड्रॉइंगच्या फाइली वर जात असणारच. म्हणून सही करण्याआधी आठवडाभर तिन्ही जागी नेटची अशी तपासणी करून घ्या, कामाच्या वेळेत. रविवारी केलेली तपासणी धरू नका.

दुसरी एक नेहमीची तक्रार: ‘मला त्यांचं ऐकू येतं, त्यांना माझं येत नाही.’ अशा वेळी राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची, इंटरनेट फोनचे कॉल राउटरमधून पार करून देणारी सोय आधी बंद करून बघा. ती मदतीसाठी दिलेली असते, पण बऱ्याच स्वस्त राउटरांमध्ये ती कॉलमधले पत्ते चुकीचे बदलते आणि एका बाजूचा आवाज भलतीकडे जातो. दोन मिनिटांचं काम असतं, पण माहीत नसल्यामुळे लोक महिनाभर त्रास काढतात.

वीज. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट डीसी यायचे. म्हणून गावभर अंधार असला तरी डायल टोन असायचा. इंटरनेट फोनमध्ये ती जबाबदारी तुमच्यावर येते. नेटचा डबा, राउटर, स्विच आणि फोन, चारही तुमच्या विजेवर चालतात. भोसरीत गुरुवार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी देखभालीसाठी वीज गेली की फोनही गेला. बारा फोन धरले तर प्रत्येकी पाच वॅटप्रमाणे ६०, त्यात स्विच, राउटर आणि नेटचा डबा मिळून ४०, म्हणजे १०० वॅट. कॉम्प्युटरखाली ठेवतो तो ६०० व्हीएचा यूपीएस यावर अर्धा तासही धड टिकत नाही, आत ७ ॲम्पिअर-तासाची छोटी बॅटरी असते. १५० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर मात्र सगळी गळती धरूनही नऊ-दहा तास काढतो. त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवायला विसरू नका. नाहीतर वीज जाता-येता क्षणभर खंड पडतो, राउटर पुन्हा चालू होतो, आणि पाच मिनिटं सगळे फोन मुके. फोनसाठी पीओई स्विच (नेटच्या वायरीतूनच फोनला वीज देणारा) घ्या म्हणजे प्रत्येक टेबलावर वेगळा ॲडॉप्टर लागत नाही. एकाच स्विचला बॅकअप दिला की सगळे फोन जिवंत राहतात.

नेट दोन कंपन्यांचं घ्या, पण दोन्ही केबली एकाच खांबावरून येत असतील तर उपयोग नाही. रस्ता खोदणारा जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. एक फायबर आणि एक ५जी असं ठेवलंत तर भोसरीसारख्या ठिकाणी जास्त भरवशाचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. वरच्या सगळ्यावरून मी तुम्हाला क्लाउड घ्या असं सांगेन, आणि त्याचं मुख्य कारण तो गुरुवारच आहे. सर्व्हर भोसरीत असेल तर भोसरीची वीज आणि नेट गेल्यावर टिळक रोड आणि कोल्हापूर दोन्ही आंधळे होतात. क्लाउडमध्ये भोसरी बंद पडली तरी कॉल टिळक रोडला वाजतो, तिथे नाही उचलला तर कोल्हापूरला, नाहीतर तुमच्या मोबाइलवर. दुसरं कारण माणसांचं. सर्व्हर म्हणजे त्यावरचे अपडेट, सुरक्षा, बॅकअप, आणि ते बघणारा माणूस. तुमच्या ३५ जणांत तसा कोणी नाही असं तुम्हीच लिहिलंय.

याचा अर्थ सर्व्हर वाईट असा घेऊ नका. मार्क स्पेन्सरने १९९९ साली अमेरिकेत अ‍ॅस्टेरिस्क नावाचं सॉफ्टवेअर लिहून फुकट खुलं केलं, तेव्हापासून साध्या कॉम्प्युटरवर उत्तम एक्स्चेंज उभं राहतं. मी स्वतः अशी पुष्कळ बसवली आहेत आणि त्यातली काही आठ-दहा वर्षं बिनतक्रार चालू आहेत. शंभराच्या वर माणसं, आपसांतले कॉल भरपूर आणि घरचा आयटीवाला असेल तर पाच वर्षांच्या हिशोबात सर्व्हर स्वस्त पडतो. गोव्यात एका हॉटेलात मी हट्टाने जागेवरचंच एक्स्चेंज बसवलं. पावसाळ्यात नेट गेलं तरी पाहुण्याच्या खोलीतून रिसेप्शनला फोन लागलाच पाहिजे, त्यासाठी कॉल मुंबईच्या सर्व्हरवर जाऊन परत यायची गरज नाही. तुमच्याकडे आपसांतले कॉल कमी आणि बाहेरचे जास्त आहेत, म्हणून उत्तर वेगळं. तुमच्या वहीत उलटं निघालं तर माझं मत बदलेल.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते उडवून लावू नका. गिऱ्हाइकाला तुटलेल्या इंपेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) फोटो पाठवायचा असतो, त्यासाठी व्हॉट्सॲपसारखं दुसरं काही नाही. पण ते कोणाच्या नंबरवर चाललंय ते बघा. विक्रीच्या मुलाच्या स्वतःच्या सिमवर असेल, तर तो नोकरी सोडतो त्या दिवशी गिऱ्हाइकांची यादी, जुनं बोलणं, दिलेले भाव सगळं त्याच्याबरोबर जातं. एका डीलरकडे मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सहा वर्षं बघितलेला एरिया एका सकाळी रिकामा झाला, आणि मालकांकडे शेतकऱ्यांचे नंबरसुद्धा नव्हते. म्हणून बिझनेसचं व्हॉट्सॲप कंपनीच्याच नंबरवर काढा. आणि विक्रीच्या मुलांना क्लाउड फोनचं मोबाइल ॲप द्या, म्हणजे ते शेतात उभे राहून फोन करतील तरी समोरच्याला ऑफिसचा नंबर दिसेल आणि नोंद तुमच्याकडे राहील.

युनिफाइड कम्युनिकेशन म्हणून जे विकतात, म्हणजे एकाच ठिकाणी फोन, चॅट, व्हिडिओ, कोण जागेवर आहे ते सांगणारा हिरवा ठिपका, त्यातल्या तुम्हाला माझ्या मते दोनच गोष्टी उपयोगाच्या: हे मोबाइल ॲप आणि चुकलेल्या कॉलची यादी. ती यादी रोज संध्याकाळी पाच वाजता कोणीतरी एकाने उघडायची आणि प्रत्येकाला उलट फोन करायचा. मोठ्या पॅकचे पैसे देऊ नका. छोट्या पॅकने सुरुवात करा, वर जाणं केव्हाही सोपं असतं.

ॲपबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स झोपवतो, मग कॉल वाजतच नाही आणि मुलगा म्हणतो, मला आलाच नाही. तो खोटं बोलत नसतो. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीची मर्यादा काढून टाकावी लागते, प्रत्येक फोनवर, एकेक करून. मी हे बसवण्याच्या दिवशीच सगळ्यांना रांगेत बसवून करून घेतो.

आयव्हीआर, म्हणजे ‘विक्रीसाठी एक दाबा’, याबद्दल माझं ठाम मत आहे. आवाज मराठीत, पहिलं वाक्य मराठीत, आणि तीनपेक्षा जास्त पर्याय नकोत. तुमचं गिऱ्हाईक विहिरीवर पंप बंद पडलेला शेतकरी आहे. त्याला इंग्रजीतलं अर्ध्या मिनिटाचं स्वागत ऐकवलं तर तो फोन ठेवतो आणि दुसऱ्या दुकानात जातो. रेकॉर्डिंग बाहेरून करून आणू नका, तुमच्या ऑपरेटर बाईंच्याच आवाजात करा. सांगलीकडच्या एका ठिकाणी आम्ही तसं केलं, तर जुनी गिऱ्हाइकं रेकॉर्डिंगलाच “ताई, जरा साहेबांना द्या” म्हणायची. मग आम्ही काहीच न दाबणाऱ्याला पाच सेकंदांनी थेट ताईंकडेच जोडून दिलं. तुम्हीही तेच करा.

कायद्याचं थोडक्यात, पण हे टाळू नका. २०१८ पासून आपल्याकडे परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या फोन नंबरांवर बोलण्याची सेवा देता येते, त्यामुळे नंबर आणि लाइन परवाना असलेल्या ऑपरेटरच्याच घ्या. परदेशी मोठी नावंही आता रीतसर परवाना घेऊन येत आहेत. झूमने आपली फोन सेवा भारतात २०२४ मध्ये सुरू केली ती पुण्यापासूनच. कोणी स्वस्तात पुण्याच्या लँडलाइनवर आलेला कॉल नेटवरून कोल्हापूरला नेऊन तिथल्या लँडलाइनमधून बाहेर काढून देतो म्हणाला, किंवा पेटीत वीस सिम घालून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते बेकायदेशीर आहे आणि लाइन तुमच्या नावावर असल्यामुळे पकडले तुम्ही जाल. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर सुरुवातीलाच तसं सांगणारं वाक्य टाका आणि रेकॉर्डिंग कोण ऐकू शकेल ते ठरवून ठेवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर हे हलक्यात घेण्यासारखं राहिलेलं नाही. नव्या मालाच्या जाहिरातीचे कॉल मोठ्या प्रमाणात करायचे असतील तर त्यासाठी नोंदणी करून १४० ने सुरू होणारा वेगळा नंबर घ्यावा लागतो. ऑफिसच्या नंबरवरून करू नका, नाहीतर तोच नंबर बंद होईल.

सुरक्षा. एका कंपनीत दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत बाहेरच्या कोणीतरी त्यांच्या सर्व्हरमधून रात्रभर परदेशात महागडे कॉल केले. एक्स्टेंशन २०५ चा पासवर्डही २०५ च होता. बिल बघून मालक खुर्चीत मटकन बसले, ते मला अजून दिसतं. असे सर्व्हर शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात. क्लाउड घेतलं तरी आयएसडी पूर्ण बंद ठेवा, लागेल त्या एकाच एक्स्टेंशनला उघडा, पासवर्ड लांबलचक ठेवा आणि महिन्याच्या बिलाला वरची मर्यादा लेखी घालून घ्या.

सिस्टिम बसवताना क्रम असा ठेवा. आधी कोल्हापूर आणि टिळक रोडचे आपसांतले फोन चालू करा, आठवडाभर वापरा. मग बाहेर जाणारे कॉल नव्या सिस्टिमवर आणा. इथे बसवणाऱ्याला एक आठवण करा: जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावं लागतं, आणि मुलांनी नंबर अधिक-९१ ने सेव्ह केलेले असतात. सिस्टिमने ते आपणहून जुळवून घेतलं पाहिजे. बाहेरून येणारा मुख्य नंबर सगळ्यांत शेवटी वळवा, आणि तोही सोमवारी नको, बुधवारी दुपारी. तोपर्यंत जुनं ईपीएबीएक्स जसं रडतखडत चालतंय तसं चालू दे. आणीबाणीसाठी गेटवर एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवा. क्लाउडवरून ११२ लागेल की नाही आणि लागला तर पत्ता भोसरीचा जाईल की भलताच, हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या आणि तरीही तो मोबाइल ठेवाच.

आता त्या चार लँडलाइन. तुम्ही लिहिलंय की विक्रेता म्हणाला, जुने नंबर सोडून द्या, नवा छान नंबर देतो. असं अजिबात करू नका. तुमचा मुख्य नंबर पंपांच्या पट्टीवर कोरलेला असेल, बिलबुकावर, टेम्पोच्या पाठीवर, आणि किती शेतकऱ्यांनी तो मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला असेल याची गणती नाही. आपल्याकडे कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. एकदा सोडलात की गेला. म्हणून आहे त्याच कंपनीकडे विचारा की याच नंबरवर फायबर किंवा एसआयपी ट्रंक (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) देता का. देत असतील तर उत्तम. नसतील तर ती लाइन चालू ठेवून नव्या नंबरवर फॉरवर्ड करा, फक्त एका वेळी किती कॉल फॉरवर्ड होतात ते विचारून घ्या, एकच होत असेल तर एंगेजची तक्रार तशीच राहील. बाकीच्या तीन लाइनबद्दल वहीत बघा. ज्यावर महिन्यात दोन-चारच फोन येतात ती वर्षभर फॉरवर्ड ठेवून मग सोडली तरी चालेल.

पण हे सगळं ज्याच्या नावावर लाइन आहे त्यालाच मागता येतं. त्यामुळे वही सुरू करा त्याच दिवशी वडिलांचा मृत्यूचा दाखला, कंपनीचे कागद, शेवटचं भरलेलं बिल आणि वारसांची ना हरकत घेऊन टेलिफोन ऑफिसमध्ये जा आणि मुख्य लाइन कंपनीच्या नावावर करून घ्यायचा अर्ज द्या. भावाची सही लागेल, त्याला बरोबरच न्या. अर्जाच्या पोचपावतीचा फोटो काढून ठेवा आणि दर आठवड्याला विचारत राहा. ते काम होईपर्यंत कोणत्याही कोटेशनवर सही करू नका, आणि त्या लाइनचं एकही बिल थकू देऊ नका. वहीचे आकडे हाती आले की इथेच लिहा: गर्दीचा तास कोणता, त्यात कॉल किती, आणि ‘मिळाला नाही’ किती. चॅनल किती घ्यायचे ते आपण मिळून काढू.